आरोग्याचा विमा आणि आरोग्याची व्यवस्था

दुकानाचा विमा उतरवला म्हणून कोणताही जाणता व्यापारी गोदामातील विजेच्या जुन्या तारा तशाच राहू देत नाही. विम्यातून जळालेल्या मालाची भरपाई मिळते. आग लागू नये यासाठी तारा बदलणे, वाळूच्या बादल्या भरून ठेवणे, रात्री दिवे मालवले की नाही हे पाहणे, ही वेगळी तजवीज करावी लागते आणि तिचा खर्च दरवर्षी सोसावा लागतो. आरोग्याच्या बाबतीत मात्र हा साधा विचार घरात विसरला जातो आणि देशाच्या कारभारातही विसरला जातो. गेल्या काही वर्षांत आरोग्य विम्याचे कार्ड कोट्यवधी हातांत पोहोचले. ते कार्ड जेथे उपयोगी पडते त्या रुग्णालयाच्या दारापर्यंत माणूस येऊच नये, यासाठीची व्यवस्था त्या वेगाने उभी राहिलेली नाही.

वास्तविक, या देशात आरोग्यव्यवस्थेचा पहिला मोठा आराखडा मांडला गेला तेव्हा प्रतिबंध आणि उपचार यांची फारकत त्यात नव्हती. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समिती १९४३ मध्ये नेमली गेली आणि तिने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्या काळी भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्या आसपास होते. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये, हे तत्त्व समितीने प्रारंभीच मांडले. रोग होऊ न देणे आणि झालेला रोग बरा करणे ही दोन्ही कामे एकाच केंद्रातून, एकाच यंत्रणेकडून व्हावीत, असा तिचा आग्रह होता. तातडीची योजना म्हणून ४०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र तिने सुचवले. वैद्यकीय विद्यार्थ्यांना प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण द्यावे, म्हणजे डॉक्टर केवळ रोगी पाहणार नाही, रोगी जेथे राहतो ती वस्तीही पाहील, अशीही तिची शिफारस होती.

प्राथमिक आरोग्य केंद्रे पुढे निघाली. आज सपाटीच्या प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र असावे, असा दंडक आहे. परंतु डॉक्टर, औषधे आणि निधी यांची ओढाताण कायम राहिली. शहरांत मोठी रुग्णालये वाढली, खासगी सेवा फोफावली आणि सामान्य माणसाच्या मनात आरोग्यसेवा म्हणजे रुग्णालय हे समीकरण पक्के झाले. रोग जडल्यानंतरची धावपळ हीच सेवा ठरली आणि रोग जडण्यापूर्वीची वर्षे कोणाच्याच जबाबदारीत राहिली नाहीत.

ही जबाबदारी कोणी उचलली तर काय घडते, हे महाराष्ट्रातच दोन ठिकाणी दिसून आले. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. गावातीलच स्त्रियांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती आणि कित्येकजणी समाजाने दूर ठेवलेल्या जातींतील होत्या. गरोदर स्त्रीची काळजी, बाळाचा आहार, पिण्याचे स्वच्छ पाणी, लसीकरण ही कामे या स्त्रिया गावातच करू लागल्या. डॉक्टरांकडे जाण्याची वेळ ज्यांच्यावर खरोखर आली, तेवढेच रुग्ण दवाखान्यात जाऊ लागले. या कार्यासाठी आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यापूर्वीच, सप्टेंबर १९७८ मध्ये, सोव्हिएत संघातील अल्मा-अता येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवा हाच सर्वांसाठी आरोग्याचा मार्ग असल्याचे जाहीर केले होते. जामखेडचा अनुभव तोवर जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकाशनातून जगापुढे आलेला होता.

दुसरे ठिकाण गडचिरोली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केले. या आरोग्यदूत स्त्रिया नवजात बाळाच्या घरी जात, त्याचे वजन करीत, त्याला ऊब कशी द्यावी हे आईला शिकवीत, जंतुसंसर्गाची चिन्हे ओळखीत आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून आशा सेविकांमार्फत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर राबवला जाऊ लागला. या दोन्ही ठिकाणी कोणतीही इमारत वा महागडे यंत्र निर्णायक ठरले नाही. घराच्या जवळ, नियमाने येणारे, ओळखीचे आणि शिकवून तयार केलेले माणूस निर्णायक ठरले.

एखाद्या तालुक्यात वा ३९ गावांत जे साधते ते संपूर्ण देशात साधेल काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. थायलंडचे उदाहरण या शंकेला उत्तर देते. त्या देशाने आधी तालुका पातळीवरील रुग्णालये आणि गावांतील आरोग्य केंद्रे उभारली. नव्या डॉक्टरांना १९७२ पासून ग्रामीण सेवा बंधनकारक केली. १९८०च्या दशकात काही वर्षे मोठ्या शहरी रुग्णालयांच्या विस्तारावरील खर्च थांबवून तो पैसा ग्रामीण भागाकडे वळवला. लाखो ग्रामीण स्वयंसेवकांची फळी उभी केली. हा पाया तयार झाल्यानंतर २००१ मध्ये ‘३० बाह्त’ योजना सुरू झाली आणि २००२ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. नोकरदारांच्या अन्य योजनांत नसलेला प्रत्येक नागरिक तीत आला. ही संख्या सुमारे ४ कोटी ७० लाखांपर्यंत पोहोचली. दवाखान्याच्या एका भेटीला ३० बाह्त, एवढेच रुग्णाने द्यायचे.

या योजनेतील पैसे देण्याची रीत व्यापारी वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. बाह्यरुग्ण सेवा आणि प्रतिबंधक सेवा यांसाठी स्थानिक आरोग्य यंत्रणेला नोंदलेल्या लोकसंख्येमागे दरडोई ठरावीक रक्कम मिळते. रुग्ण किती वेळा आला, यावर ती अवलंबून नसते. लोक निरोगी राहिले तर त्या यंत्रणेवरचा भार हलका होतो आणि तिचा पैसा पुरतो. जेथे प्रत्येक तपासणीचे आणि प्रत्येक शस्त्रक्रियेचे स्वतंत्र बिल होते तेथे आजार वाढण्यात कोणाचे ना कोणाचे उत्पन्न असते. हिशेब कसा मांडला आहे यावर कामाची दिशा ठरते, हे पेढीवर बसणाऱ्यास सांगण्याची गरज नाही. तंबाखू आणि मद्य यांवरील करावर दोन टक्के अधिभार लावून आरोग्यसंवर्धनासाठी स्वतंत्र निधीही थायलंडने २००१ मध्येच उभा केला.

भारतात २०१८ मध्ये ‘आयुष्मान भारत’ जाहीर झाली तेव्हा तिचे दोन भाग होते. पहिला भाग आरोग्य आणि निरामयता केंद्रांचा. त्यातील पहिले केंद्र १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधील विजापूर जिल्ह्यात, जांगला येथे सुरू झाले. देशभर १ लाख ५० हजार केंद्रे उभारण्याचे उद्दिष्ट ठरले. तो टप्पा पुढे गाठला गेला आणि २०२३ मध्ये या केंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळाले. वयाची ३० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह तसेच तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसाठी तपासणी करणे, हे या केंद्रांचे नेमून दिलेले काम आहे. दुसरा भाग म्हणजे २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना. तीत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. ७० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून या योजनेत स्थान मिळाले. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षणही ५ लाखांपर्यंत नेण्यात आले आणि ते राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुले करण्यात आले.

या दोन भागांपैकी दुसरा घरोघरी ठाऊक आहे. पहिल्याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. समाजाच्या मेळाव्यांत कार्ड काढून देण्याची शिबिरे भरतात, रांगा लागतात. जवळचे आरोग्य मंदिर कोठे आहे, तेथे रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर पुरतील इतक्या मिळतात काय, हा प्रश्न मात्र मेळाव्यात निघत नाही. आणि प्रश्न निघत नाही तेथे सुधारणाही होत नाही.

याची किंमत कोण देते हे पाहण्यासाठी एखाद्या भुसार पेठेतील दिवाणजींचे उदाहरण कल्पावे. वय ४६. पेढीवर २० वर्षे. रक्तदाब वाढलेला आहे, परंतु काही दुखत नाही म्हणून तपासणी झालेली नाही. जवळचे सरकारी केंद्र उघडे असते तेव्हा पेढीवर लिलावाची घाई असते आणि पेढी बंद होते तेव्हा केंद्रही बंद झालेले असते. रोज काही रुपयांच्या गोळीने जो रक्तदाब ताब्यात राहिला असता तो सात-आठ वर्षे आतून आपले काम करीत राहतो. एके दिवशी पक्षाघात होतो, किंवा मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळते. तेथून पुढे कार्ड उपयोगी पडते आणि रुग्णालयाचे बिल बव्हंशी भरले जाते. पण बंद झालेला पगार, आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिससाठी होणारी ये-जा, पत्नीवर पडलेला भार, मुलीचे अर्धवट राहिलेले शिक्षण, यांचे बिल कोणत्याच योजनेत बसत नाही. विमा कंपनीच्या दप्तरी दावा मंजूर झालेला असतो आणि कुटुंब मात्र बसलेले असते.

अशा दिवाणजींची संख्या थोडी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. हे आजार रुग्णालयात दाखल होऊन एकदा बरे करण्याचे नव्हेत. ते वर्षानुवर्षे सांभाळण्याचे आहेत. त्यांचा खर्च बाह्यरुग्ण तपासणीत आणि औषधांत होतो, आणि दाखल झाल्यावरच लागू होणारा विमा नेमका तेथेच हात आखडता घेतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा मोठी आहे. तरीही शंभरांतले जवळजवळ चाळीस रुपये आजही आजारी माणूस किंवा त्याचे घर स्वतः मोजते. सरकारांचा आरोग्यावरील खर्च त्याच काळात राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांपर्यंत गेला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठरवलेले उद्दिष्ट मात्र २०२५ पर्यंत २.५ टक्के असे होते.

व्यापारी कुटुंबांत यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते. घरातील सर्वांचा मेडिक्लेम आहे, मग सरकारी व्यवस्थेची चिंता कशाला? वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाल्याने हा विचार अधिकच बळावला आहे. हप्ता हलका झाला, हे चांगलेच झाले. तथापि वयाबरोबर हप्ता वाढतो, आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, आणि बहुतेक योजना दाखल झाल्याखेरीज पैसे देत नाहीत. शिवाय घराला कुंपण घालता येते, आरोग्याला घालता येत नाही. क्षयरोगाचा उपचार न झालेला हमाल, ताप अंगावर काढून स्वयंपाक करणारी बाई, वाहनचालक, शेजारचा टपरीवाला यांच्या आणि मालकाच्या घरातील हवा व पाणी एकच असते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांनी हा धडा सर्व थरांतील कुटुंबांना दिला. त्या काळात पैसा असूनही खाट मिळाली नाही, असा अनुभव अनेक सुखवस्तू घरांनी घेतला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रतिबंधाने खर्च वाचतोच असे नाही, आणि आज कर्करोगाने तळमळणाऱ्या रुग्णाला उद्याच्या प्रतिबंधाचा काय उपयोग, असे विचारले जाते. हा आक्षेप खोटा नाही. मोठी रुग्णालये लागतीलच, शस्त्रक्रियाही लागतील, विमाही लागेल. तपासणी वाढली की आरंभी रुग्णांची संख्याही वाढते, कारण दडलेले आजार उजेडात येतात. म्हणूनच भोर समितीने दोन्हींची सांगड घातली होती. प्रश्न एकाला सोडून दुसरे घेण्याचा नसून, वाढीव रुपया आधी कोठे खर्च व्हावा हा आहे. तमिळनाडूने ऑगस्ट २०२१ मध्ये मधुमेह आणि रक्तदाब यांची औषधे रुग्णाच्या दारी पोहोचवण्याची योजना सुरू केली. त्यासाठी लागणारी सरकारी औषधखरेदीची शिस्तबद्ध व्यवस्था त्या राज्याने १९९०च्या दशकातच बसवलेली होती. रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७-१८ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झाला, त्याची रीतही अशीच साधी आहे: सर्वत्र एकच ठरलेली उपचारपद्धती, महिनाभर पुरतील इतक्या गोळ्या, आणि न आलेल्या रुग्णाची परिचारिकेने केलेली चौकशी. उधारीच्या खात्याप्रमाणे येथे प्रत्येक नावाचा पाठपुरावा होतो. कोण आले नाही, हे कोणाला तरी ठाऊक असते.

व्यापारी समाजाचा या प्रश्नाशी दुहेरी संबंध आहे. एक संबंध मालक म्हणून. कर्मचारी राज्य विमा योजनेचा कायदा १९४८ सालचा. पगाराच्या ३.२५ टक्के मालकाने आणि ०.७५ टक्के कामगाराने भरायचे आणि त्या बदल्यात कामगाराच्या कुटुंबाला बाह्यरुग्ण सेवेसह उपचार मिळायचे, अशी तिची आजची रचना आहे. परंतु कामगारांची ठरावीक संख्या असलेल्या आस्थापनांनाच ती लागू होते, त्यामुळे चार-पाच माणसांची दुकाने बाहेर राहतात. महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांना दुसरे उदाहरणही परिचित आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळे निर्माण केली. हमाल कोणत्याही एका पेढीचा नोकर नसताही, सर्व पेढ्यांकडून जमा होणाऱ्या वर्गणीतून त्याला भविष्यनिर्वाह निधी आणि वैद्यकीय मदत मिळू लागली. आरंभी या कायद्याला बाजारपेठांतून विरोध झाला, आज तो बाजाराच्या रीतीचा भाग आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने ज्यांना विमासंरक्षणाबाहेर राहिलेला मधला वर्ग म्हटले, त्यांची संख्या लोकसंख्येच्या किमान ३० टक्के, म्हणजे सुमारे ४० कोटी सांगितली होती. लहान दुकानदार आणि त्यांचे नोकर यांपैकीच. माथाडी मंडळांसारखी सामायिक वर्गणीची वाट त्यांच्यासाठीही काढता येण्याजोगी आहे, आणि तिची मागणी व्यापारी महासंघांकडून आली तर शासनाला ती दुर्लक्षून चालणार नाही.

दुसरा संबंध दात्याचा. औषधदानाची परंपरा या समाजात जुनी आहे. धर्मादाय दवाखाने, रुग्णवाहिका, नेत्रशिबिरे आणि अलीकडे डायलिसिस केंद्रे यांसाठी समाजाने उदार हाताने दिले. या दानाचे मोल कमी नाही. तथापि उच्च रक्तदाब आणि मधुमेह ही मूत्रपिंडे निकामी होण्याची प्रमुख कारणे आहेत. डायलिसिसचे यंत्र हे त्या वाटेवरचे शेवटचे ठाणे. दात्याच्या नावाची पाटी यंत्रावर लागते, वेळेवर मिळालेल्या गोळीवर लागत नाही, आणि ज्याला पक्षाघात झालाच नाही असा माणूस आभार मानायला येत नाही. प्रतिबंधाच्या कामाला दाते कमी मिळतात त्याचे हे एक कारण असावे. ज्या विश्वस्त मंडळांकडे निधी आहे त्यांनी त्यातील ठरावीक हिस्सा दहा वर्षांसाठी एखाद्या बाजारपेठेतील सर्व कामगारांच्या नियमित तपासणीसाठी, औषधांसाठी आणि पाठपुराव्यासाठी बांधून दिला, तर त्याचे फळ आकड्यांत दिसेल. असे काम सरकारी केंद्राशी जोडून केले तर तेच पुढे शासनापुढे नमुना म्हणून ठेवता येते. गडचिरोलीतील ३९ गावांचे काम असेच देशाचे धोरण बनले.

आरंभ करण्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक पेढीने आपल्याकडील ३० वर्षांवरील माणसांना वर्षातून एक सकाळ पगारी मोकळी द्यावी आणि जवळच्या आरोग्य मंदिरात तपासणीसाठी पाठवावे. ज्यांना औषधे सुरू झाली त्यांना दरमहा एक तास द्यावा. केंद्रात औषध नव्हते, तपासणीची पट्टी संपली होती, आरोग्य अधिकाऱ्याची जागा रिकामी होती, असे ऐकू आले तर ते तारखेसह लिहून ठेवावे. बाजार समितीने वा व्यापारी संघटनेने तीन महिन्यांनी अशा नोंदी एकत्र करून तालुका आरोग्य अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांच्यापुढे ठेवाव्यात. संध्याकाळी दोन तास केंद्र उघडे राहावे ही एकच मागणी पेठेतील सर्वांनी मिळून लावून धरली तरी असंख्य दिवाणजींचा मार्ग मोकळा होईल. कर भरणाऱ्या वर्गाला प्राथमिक आरोग्य केंद्राचा हिशेब विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. हा अधिकार आजवर फारसा वापरला गेलेला नाही.